भटूआप्पा आणि मागची भिंत

हल्ली शाळेतल्या नव्या शिक्षिका मला स्टाफरूमच्या कोपऱ्यात गाठतात. "मॅडम, एखादं जुनं घर घ्यायचं, रंगवायचं आणि विकायचं म्हणतेय. काय काय बघायचं हो?" मी चष्मा वर सरकवते आणि सुरू होते. दिवेलागणीला दाखवलेलं घर घेऊ नका, दुपारी बाराला बघा. आत शिरताच उदबत्तीचा वास आला तर हात जोडू नका, नाक उघडं ठेवा. कॅलेंडर गुडघ्याच्या उंचीवर टांगलेलं असेल तर ते उचलून मागे बघा. रिकाम्या घरात एकच कपाट भिंतीला चिकटून उभं असेल तर ते आधी सरकवायला सांगा. त्या पोरी मोबाइलमध्ये लिहून घेतात आणि म्हणतात, "किती अनुभव तुम्हाला!"

अनुभव कसला कपाळाचा! यातलं एकही वाक्य माझं नाही. सगळी भटूआप्पा पेंटरांची. ते आता नंदुरबारात नाहीत, लेकीकडे सुरतेला गेले म्हणतात. त्यांची वाक्यं मात्र मी इथे माझी म्हणून खपवते आहे, आणि खपवताना दर वेळी आतून कुणीतरी चिमटा काढतं.

आधी माझं सांगून टाकते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी संशयी बाई आहे. भाजीवालीचा काटा आधी रिकामा धरायला लावते. गॅसची टाकी आली की सील दोनदा बघते. तीस वर्षं परीक्षेच्या वर्गात पोरांच्या बाह्या आणि पट्ट्या तपासण्यात गेली, त्याचा परिणाम असेल. आमचे हे म्हणतात, "हिच्या हातावर देवाने प्रसाद ठेवला तरी ही आधी तारीख बघेल."

आम्ही गुजर, सासर कळसाडीचं. घरात गुजरी, बाजारात अहिराणी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, अशा तीन जिभांनी संसार केला. हे साखर कारखान्यात, त्यामुळे सगळं आयुष्य पुरुषोत्तमनगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. क्वार्टरच्या अंगणात मी पेरू लावला, तुळस लावली, पण क्वार्टर ते क्वार्टरच. यांची निवृत्ती आली आणि जूनअखेर ते सोडायचं ठरलं. कळसाडीचं घर दिरांचं. तिथे सणाला गेलं की पाट मांडतात, पण कायमचं राहायला गेलं तर तो पाट किती दिवस मांडतील, हे मला विचारू नका. शहाद्याला आपलं छप्पर करायचं तर हातात होतं ते पुरत नव्हतं. तेव्हा पुतण्याने डोक्यात भरवलं की नंदुरबारला जुनं घर घ्या, रंगवा, विका, आणि वर सुटेल त्यात शहाद्याचं काम करा. त्याने मला व्हिडिओ पाठवले. त्यात एक टाय लावलेला गृहस्थ सांगायचा की नव्या इन्व्हेस्टरने आधी नेटवर्क वाढवावं, भेटेल त्याला आपलं कार्ड द्यावं. मी कार्डं छापून घेतली. नावाखाली सोनेरी अक्षरात 'गृह गुंतवणूकदार'. आता आठवलं की कानशिलं तापतात.

रंगाच्या दुकानदाराने भटूआप्पांची गाठ घालून दिली. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. दुकानदार आणि पेंटर यांचं साटंलोटं असतं हे कोण जाणत नाही? त्यात हा माणूस समोर आला तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. साठीचा, काटकुळा, कानात अत्तराचा बोळा, आणि अंगावर रंगाचा एक थेंब नाही. पेंटरच्या अंगावर रंग नाही म्हणजे हा काम करतो की नुसतं करून घेतो, असं मी मनात म्हटलं. नंतर कळलं की कामाचे कपडे ते कामावरच खुंटीला ठेवत. रस्त्याने जाताना माणूस माणसासारखा दिसावा, असं त्यांचं म्हणणं.

मी मोठ्या ऐटीत कार्ड दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, नखाने त्याचा कडकपणा बघितला आणि म्हणाले, "भारी शे. लांबी भराले कामले येई." लांबी म्हणजे भिंतीच्या खाचाखोचा बुजवायचा लेप. आणि खरंच, पुढे महिनाभर माझं कार्ड मी त्यांच्या हातात बघितलं. खिडकीच्या चौकटीच्या सांध्यात लांबी दाबायला दुसरं काही इतकं बरं नाही म्हणे!

गंमत अशी की मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि ते माझ्यावर. पहिला ॲडव्हान्स दिला तर पाचशेच्या नोटा एकेक करून उजेडात धरून बघितल्या. मी म्हटलं, "आप्पा, बँकेतून आणल्यात." तर म्हणतात, "बँकमा बी माणसंच बठेल शेत." रंगाचा नंबर ठरला की त्यांच्या वहीत मला सही करावी लागे. "मांगून बाया म्हंतस, मी हाऊ रंग सांगेलच नव्हता." चहा दिला तर आधी कपात वाकून बघायचे. मी विष घालणार होते का? पण तसं म्हटलं की हसायचे नाहीत, नुसतं "व्हय" करायचे. त्यांचं ते "व्हय" मला असं झोंबायचं की काय सांगू.

भिंत तपासायची त्यांची रीत मात्र बघण्यासारखी. दलाल मुकेशभाईने आम्हाला पहिलं घर दाखवलं ते पिस्ता रंगाचं, नवंकोरं रंगवलेलं. मला तर बघताक्षणी आवडलं. आप्पा आत गेले. तीन बोटांची पेरं भिंतीवर वाजवत, कान लावत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. मग खाली बसले. जमिनीपासून वीतभर वर नखाने रंग खरवडला, बोट ओलं करून तिथे लावलं आणि ते बोट जिभेवर ठेवलं. मुकेशभाई म्हणाला, "आप्पा, भूक लागली का?" आप्पा उठून हात झटकत म्हणाले, "खारी शे." म्हणजे भिंतीत ओल मुरून खार, लोणा लागलेला. मुकेशभाईने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मॅडम, यांना मी या घराचं काम दिलं नाही ना, म्हणून खारी."

आता बघा माझी पंचाईत. कुणावर भरवसा ठेवायचा? परतताना मी आप्पांना तोंडावर विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मन्हावर कसाले इस्वास ठेवतस? गिरणीवर जा." मग मला त्यांनी जे नेटवर्क शिकवलं ते टाय लावलेल्या गृहस्थाच्या बापाला सुचलं नसतं. घर बघायला जायचं तर त्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवर जायचं, नळाचं पाणी सोडतो त्या माणसाला गाठायचं, इस्त्रीवाल्याकडे दोन कपडे टाकायचे. आणि घराबद्दल चकार शब्द काढायचा नाही. "दलालले घर इचारनं म्हंजे नवरदेवना मामाले नवरदेव कसा शे इचारनं. तो काय सांगी?"

मी पुरुषोत्तमनगरहून एसटीने तीन किलो दादर ज्वारी घेऊन नंदुरबारला दळायला गेले. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "तुमच्या गावात गिरणी नाही का?" काय सांगणार! पण गिरणीवाल्या बाईने दळता दळता आपणहून सांगितलं की समोरच्या पिस्ता रंगाच्या घरात भाडेकरू वर्षभर टिकत नाही, पोरं खोकून खोकून बेजार होतात, आणि दर दिवाळीला त्याला नवा रंग लागतो. पिठाची पिशवी उचलून मी बाहेर पडले तर समोर मुकेशभाई त्या घराला कुलूप लावत होता. माझ्याकडे बघून हसला. मीही हसले.

तर माणूस खरा निघाला, एवढं मानलं. पण संशय हा असा आहे की एक जागा सोडली की दुसरीकडे जाऊन बसतो. आप्पांचं एक मला कळेना. कुणी वारलं की हे हातातला ब्रश पाण्यात टाकून दारावर जायचे. आमच्याकडे माणूस गेला की पुढचे काही दिवस लोक त्या घराच्या दाराशी येऊन बसतात, त्याला दारावर जाणं म्हणतात. ओळखीचं असो, नसो, आप्पांची फेरी चुकायची नाही. मला वाटलं, अस्सं! मेलेल्याचं घर पुढे भावाभावांत विकलं जातं, नाहीतर वर्षश्राद्धाच्या आधी रंगवलं जातं. हा तिथे बसून काम हेरतो. मी विचारलं तर म्हणाले, "माणसे वळखानी ऱ्हायनी तर दारवर जावो, मॅडम. लगीनमा माणूस दिसत नही."

मी ते वाक्य धडा म्हणून घेतलं आणि घात केला. एका गल्लीत एक म्हातारे गृहस्थ गेल्याचं कळलं. दुमजली घर, मोक्याची जागा. मी तिसऱ्या दिवशी पांढरी साडी नेसून दारावर गेले, बायकांत बसले. दहा मिनिटं डोळे पुसले. मग शेजारी बसलेल्या त्या घरच्या सुनेला हळू आवाजात विचारलं, "आता एवढ्या घरात तुम्ही दोघंच. काढायचा विचार आहे का?"

ती सून माझ्याकडे बघतच राहिली. तिच्यापलीकडे बसलेली म्हातारी तिच्या डोक्यावरून मला म्हणाली, "बाई, तू दारवर वनी का बजारले वनी?" दारावर नव्हे, बाजाराला आलेली बाई, हे सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. चपला घालून निघाले तर पदर दारात अडकला, तोही त्या म्हातारीनेच सोडवून दिला.

संध्याकाळपर्यंत ते आप्पांच्या कानावर. पुढचे दोन दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी आले, आणि इतका रागावलेला माणूस मी इतक्या हळू आवाजात बोलताना पहिल्यांदा बघितला. "तठे तोंड उघडानं नही. कान बी उघडाना नही. नुसतं बठानं."

"मग तुम्हाला कामं कशी मिळतात?" मीही हट्टी.

"काम भेटत नही तठे. माणसं भेटतस. काम मांगून येस, नही तर नही येस."

मला हे पटलं का? खरं सांगते, नाही पटलं. मी मनात म्हटलं, आप्पा, तुम्ही माझ्यापेक्षा हुशार, एवढंच.

शेवटी घर सापडलं. मिरची वाळवायच्या पथाऱ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची गल्ली, दोन खोल्या पुढे, दोन मागे, वर गच्ची. गिरणी, पाणीवाला, इस्त्रीवाला, सगळीकडून होकार. आप्पांनीही भिंती वाजवल्या, चाखल्या आणि म्हणाले, "घ्या. पन मांगली भीत आजारी शे." मागच्या भिंतीला लागून शेजारच्याची न्हाणी. तिची नळी आत कुठेतरी फुटलेली आणि पाणी आमच्या भिंतीत झिरपणारं. नळी त्या बाजूने फोडून बदलायला हवी. शेजारचा मालक सुरतेला कामाला, घर भाड्याने दिलेलं, भाडेकरू हात लावू देईना. तो मालक यायचा दिवाळीला.

घर घेतलं ते जानेवारीत. मी म्हटलं, उद्याच काम सुरू करा. आप्पा म्हणाले, "मिरची उठी जाऊ द्या, मंग रंग." त्या दिवसांत तिकडे मैलभर लाल मिरची वाळत पडलेली असते. मला वाटलं, दुसरीकडे काम घेतलंय आणि मला मिरचीचं कारण सांगतो. पण आमच्या दोन घरं पलीकडे एका डॉक्टरांनी बाहेरून ठेकेदार आणून त्याच दिवसांत घर रंगवून घेतलं. दारं-खिडक्यांना पांढराशुभ्र ऑइलपेंट. दुपारी वारा सुटला आणि ओल्या रंगावर मिरचीची धूळ बसली, मधूनमधून बियासुद्धा. ठेकेदाराने वाळल्यावर पॉलिशपेपरने घासायला घेतलं तर जी उसळली! कामगार शिंकत रस्त्यावर, डॉक्टर शिंकत रस्त्यावर, आणि वरून डॉक्टरीणबाई ओरडतायत, "दारं लावा, दारं लावा!" दारं लावणार कशी, घासणं दारांचंच चाललेलं. आप्पा तेव्हा आमच्या ओट्यावर बसून बिडी ओढत होते. बोलले काही नाहीत, पण बिडी जरा जास्तच चवीने ओढली.

मिरची उठली, एप्रिल लागला, काम सुरू झालं. मी सुट्टीत रोज एसटीने जायची. रंगाच्या बादलीत कंपनीचं बक्षिसाचं टोकन निघतं, ते पेंटर ठेवून घेतो. मी म्हटलं, "आप्पा, बादली माझी, टोकन तुमचं कसं?" म्हणाले, "कंपनी मले देस, तुम्हले नही." झालं, माझा संशय बादलीत शिरला. रंग कमी होतोय का, पाणी जास्त घालतायत का? मी संध्याकाळी निघताना बादलीच्या आत पेन्सिलीने रेघ मारून ठेवायला लागले. चार दिवस हा प्रकार चालला. पाचव्या दिवशी मी पेन्सिल शोधतेय तर आप्पा हात धूत म्हणाले, "आजनी रेघ मी मारी दिधी, मॅडम. पेन्सिल खिडकीमा शे." मी बघितलं तर रेघ अगदी बरोबर जागी. त्यानंतर ते काम संपेपर्यंत रोज न चुकता स्वतःच रेघ मारत राहिले. एखाद्याने शिवी दिली असती तर परवडली असती.

मागची भिंत त्यांनी तशीच सोडली होती. मे निम्मा उलटला तेव्हा मी म्हटलं, "आता ही उरकून टाका."

ते घोड्यावरून खाली उतरले. घोडा म्हणजे त्यांचा तो चार पायांचा लाकडी पाट. हात पुसले आणि मला समोर बसवून सांगितलं, "हाऊ उन्हाळा जाऊ द्या. दिवाईले सुरतवाला येस, त्यानासंगे मी बोलसू. नळी बदलसूत, भीत उघडसूत, वाळू देसूत. मंग तुम्ही सांगशात तो रंग."

"आप्पा, जूनअखेर क्वार्टर सोडायचं आहे. मी दिवाळीपर्यंत कुठे राहू, रस्त्यावर?"

"आठेच ऱ्हावा चार महिना. पुढन्या खोल्या कोरड्या शेतस."

खरं तर ते शक्य होतं. आज मला ते अगदी स्वच्छ दिसतं. पण तेव्हा मुकेशभाईने फोनवर माझे कान भरलेले. "मॅडम, काम जितकं लांबेल तितकी मजुरी. आणि घर पडून राहिलं की तुम्ही कंटाळून स्वस्तात काढाल, तेव्हा आप्पाच गिऱ्हाईक आणेल, बघा." मला तेच हवं होतं. आपल्याला पाहिजे तो संशय माणूस दुसऱ्याकडून उसना घेतो. मी म्हटलं, "लांबी भरा, वर तो ओलीचा प्रायमर मारा, आणि रंग द्या. घर माझं आहे."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "भीत खोटं बोलस नही, मॅडम. तिले माणूस खोटं बोलाले लावस."

"तुम्ही भरणार की दुसरा बघू?"

"घर तुम्हनं, भीत तुम्हनी," ते म्हणाले आणि लांबीची पिशवी फोडली.

का भरली त्यांनी? सोडून जायचं होतं की! मी हे स्वतःला कितीदा विचारलं आहे. पोटासाठी, असं म्हणून बघते, पण ते पटत नाही. माझं क्वार्टर सुटणार होतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणीही त्यांनी त्या दिवशी बघितलं होतं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक आलं. नवरा रेल्वेत, नुकती बदली झालेली. बायको रोहिणी, कोवळी पोर, पहिलं घर घेणार म्हणून हरखलेली. घरात शिरली ती थेट स्वयंपाकाच्या खोलीत, मग गच्चीवर, मग मागच्या खोलीत. तिथे आप्पा घोड्यावर उभे राहून छताची कड रंगवत होते. त्या पोरीने मोठ्या विश्वासाने मान वर करून विचारलं, "आप्पा, तुम्ही एवढी घरं रंगवता. हे घर कसं आहे हो?"

मी दारात उभी. हे माझ्या मागे. आप्पांचा ब्रश थांबला. त्यांनी भिंतीकडे बघितलं नाही, रोहिणीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "मॅडमले इचारा. घर त्यासनं शे."

दोन क्षणांचा खेळ होता. ती पोर माझ्याकडे वळली. मला आमच्या अंगणातला पेरू दिसला, बांधून ठेवलेली भांडी दिसली, दिरांच्या ओट्यावरचा तो पाट दिसला. आणि तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवणाऱ्या माझ्या तोंडातून स्पष्ट, खणखणीत मराठीत बाहेर पडलं, "भिंती अगदी कोरड्या आहेत, बेटा. आम्हीच राहणार होतो, पण यांना शहादा सोडवत नाही."

हे मागे खाकरले. रोहिणी म्हणाली, "काकूंनी सांगितलं म्हणजे झालं."

आप्पांनी ब्रश बादलीत ठेवला. दुपारचे तीन वाजले होते, काम उरलं होतं, तरी ते उतरले, हात धुतले, खुंटीवरचा पांढरा शर्ट घातला आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी येऊन उरलेली कड पूर्ण करून गेले म्हणे. मी गेले नव्हते. घर विकलं गेलं, क्वार्टर सुटलं, शहाद्याचं काम मार्गी लागलं. सगळं मनासारखं झालं आणि मला दोन महिने नीट जेवण गेलं नाही.

भाद्रपदात रोहिणीचा फोन आला. मला वाटलं, भिंतीला ओल आली. पण ती म्हणाली, "काकू, विजेचं मीटर नावावर करायचंय, तुमची एक सही हवी. याल का?" नाही म्हणायला तोंड नव्हतं. वाटेत एसटीत मी शंभर उत्तरं तयार केली. आम्हाला तर कधी ओल दिसली नव्हती. पाऊसच यंदा फार झाला. शेजाऱ्याची चूक, आमची नव्हे.

दारातून आत गेले तर मागच्या खोलीतून खरवडल्याचा आवाज. खोलीचं सामान पुढे ओढून ठेवलेलं. घोड्यावर भटूआप्पा, पाठमोरे, आणि मागची भिंत विटांपर्यंत उघडी केलेली. खाली ओल्या प्लास्टरचा ढीग. सुरतवाल्याला फोन करकरून दिवाळीआधीच बोलावून घेतलं होतं, नळी बदलून झाली होती. हे सगळं मला रोहिणीने सांगितलं, चहा ओतता ओतता, माझ्याबद्दल जराही किंतु न ठेवता.

"ओल आली ना काकू, मी तर रडायलाच लागले. पण आप्पा स्वतःच आले चौकशी करत. म्हणाले, चूक त्यांचीच. घाईघाईत लांबी कच्ची भरली, मॅडमला सांगितलंच नाही. मजुरी पण घेत नाहीत." तिने आवाज खाली आणला. "गल्लीत सगळे म्हणतात, म्हातारा आता कामाचा राहिला नाही, फसवतो. डॉक्टरीणबाईंनी तर ठरलेलं काम काढून घेतलं त्यांच्याकडून."

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी मान वळवली, ओळखीचं हसले. अगदी नेहमीचं. "वनात का मॅडम? बठा, चहा ल्या."

मी बसले. फॉर्मवर सही केली. सांगायचं होतं. शपथ घेऊन सांगते, ओठांपर्यंत आलं होतं. माणसाने आयुष्यभर जपलेलं नाव माझ्यासाठी त्या गल्लीत ओतून दिलं होतं, आणि मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

तेवढ्यात रोहिणी म्हणाली, "काकू, हे असे आहेत हे आधी माहीत असतं, तर तुम्ही यांना काम दिलंच नसतं ना?"

घोड्यावरचा आवाज थांबला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"चहा छान झालाय गं," मी म्हटलं.

आणि भटूआप्पा पुन्हा भिंत खरवडायला लागले.